स्ट्रॉबेरी, अंजीर, हुरडा: आपल्या हातानं तोडून खायची सहल

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पुण्याच्या दक्षिणेला तीन पिकं एकाच वेळी हाताशी येतात. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावर स्ट्रॉबेरी भरात असते, पुरंदरच्या माळावर मीठ्या बहाराची, म्हणजे गोड हंगामाची, अंजिरं पिकायला लागतात, आणि हुरड्याचा हंगाम सरत आलेला असला तरी उशिरा पेरलेल्या एखाद्या वावरात तो अजून मिळतो. म्हणून या वेळची सहल पॉइंट आणि बोटिंग वगळून फक्त शेतांची आखली. अट एकच ठेवली: जे खायचं ते शेतकऱ्यानं दाखवलेल्या ठिकाणी, त्यानं शिकवलेल्या पद्धतीनं स्वतः तोडायचं आणि तो सांगेल तो भाव द्यायचा. सोबत नवरा, सातवीतला मुलगा, चौथीतली मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंचं माहेर बार्शीकडचं, ज्वारीच्या पट्ट्यातलं. त्या आल्या म्हणून ही सहल इतकी रंगली, हे आधीच सांगून टाकते.

शुक्रवार: वाई, पसरणीचा घाट, भिलार

भिलारच्या शेतकरीदादांनी फोनवरच बजावलं होतं, "ताई, दुपारी पोचून लगेच तोडायचं म्हणाल तर जमणार न्हाई. ऊन चढलं की फळ मऊ पडतं, हात लावला की डाग पडतो. मुक्कामाला या, सकाळी तोडू." हे ऐकूनच मला ते शेत आवडलं. दिवसभर कधीही या, तिकीट काढा आणि वाफ्यांमधून हिंडा, असंही काही ठिकाणी चालतं. तिथं संध्याकाळपर्यंत अर्धी रोपं तुडवलेली दिसतात. मला ते पटत नाही.

त्यामुळे घाई नव्हती. वाईत ढोल्या गणपतीचं दर्शन झालं, कृष्णेच्या घाटावर थोडा वेळ बसलो आणि पसरणीचा घाट चढून दुपारी भिलारला पोचलो.

भिलार हे पुस्तकांचं गाव. 4 मे 2017 ला राज्य सरकारनं ते सुरू केलं, तेव्हा गावातल्या 25 ठिकाणी, बरीचशी लोकांच्या राहत्या घरांत, पुस्तकांची कपाटं लागली. एका घरी कादंबऱ्या, दुसरीकडे कविता, कुठे संतसाहित्य, कुठे इतिहास. कुणीही जावं, ओसरीवर बसून वाचावं, पुस्तक परत जागेवर ठेवावं. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून घेतलेली. पण तिथं पुस्तकांची दुकानं आहेत आणि इथं विक्री नाही. मुलं बालसाहित्याच्या घरात शिरली ती उन्हं कलल्यावरच बाहेर आली. त्या घरातल्या आजी मधेच येऊन दोघांच्या हातात स्ट्रॉबेरीची एकेक वाटी देऊन गेल्या. पुस्तकांच्या घराच्या मागच्या दारी वाफे आणि वाफ्यांच्या पलीकडे दरी, असं हे गाव आहे.

उन्हं उतरल्यावर दादांनी शेत दाखवलं. तोडायचं नाही, फक्त बघायचं. गुडघ्याच्या खालपर्यंत उंच गादीवाफे, त्यांवर ताणून बसवलेला मल्चिंग पेपर, त्याला ठरावीक अंतरावर पाडलेली भोकं, प्रत्येक भोकात एक रोप. पेपरखालून ठिबकची नळी. पेपरमुळे तण उगवत नाही, ओल टिकते आणि मुख्य म्हणजे फळ मातीला टेकत नाही. टेकलं की बुरशी धरते.

मुलाला वाटलं होतं की स्ट्रॉबेरीचं झाड असतं आणि ते वर्षानुवर्षं तिथंच राहतं. दादांनी त्याला खाली बसवून अख्खं वर्ष समजावून दिलं. मातृरोपं परदेशातून येतात. ती आधी रोपवाटिकेत लावतात. त्यांना जमिनीवर पसरणारे धुमारे फुटतात आणि प्रत्येक धुमाऱ्याच्या पेराला नवं रोप धरतं. ही रोपं पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात वर आणून लावायची. नोव्हेंबरअखेरीला पहिलं फळ, मग मार्च-एप्रिलपर्यंत तोडणी. जूनच्या आधी सगळं काढून टाकायचं, कारण महाबळेश्वरच्या पावसात हे पीक टिकत नाही. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो इथं. गादीवाफासुद्धा जागेवर राहील की नाही सांगता येत नाही. म्हणजे दर वर्षी नव्यानं रोपं, नव्यानं वाफे, नव्यानं पेपर. बाजारात पनेट, म्हणजे स्ट्रॉबेरीची छोटी डबी, हातात घेऊन "एवढीशी स्ट्रॉबेरी आणि एवढे पैसे?" असं म्हणणाऱ्या प्रत्येकानं हा हिशेब एकदा शेतात उभं राहून ऐकावा, असं मला मनापासून वाटलं.

शनिवार: तोडणी, मांघर, उतरण

पहाटे चांगलीच थंडी होती. साडेसहाला बाहेर आलो तेव्हा पानांवर दव होतं आणि तोडणीच्या बायका आधीच वाफ्यांत उतरल्या होत्या. डोक्याला रुमाल, कमरेला खोचलेला पदर, शेजारी बुट्टी. आम्ही पोचेपर्यंत एका मावशींच्या दोन ओळी झाल्याही होत्या.

आधी धडा झाला. दादांनी मुलीचा हात धरून दाखवलं: फळाला धरायचंच नाही. फळाच्या वर बोटभर अंतरावर देठ अंगठ्याच्या नखाशी आणि बोटाशी धरायचा, थोडा पिरगाळायचा, तो कट्कन तुटतो. हिरवी टोपी फळावरच राहू द्यायची, ती निघाली की फळ लवकर नासतं. फळ ओढलं तर रोप मुळासकट हलतं आणि त्याच देठाच्या झुबक्यातली कच्ची फळं, फुलं तुटतात. "एक वढायला गेलं तर चार जात्यात," दादा म्हणाले. मुलगी त्यानंतर इतकी सांभाळून तोडत होती की एका फळाला मिनिटभर लावायची.

कुठलं फळ तोडायचं हा दुसरा धडा. मुंबई-पुण्याच्या बाजाराला जाणारं फळ पाऊण लाल झालं की तोडतात. टोपीजवळ थोडा पांढरेपणा असतो. ते क्रेटमध्ये, गाडीत, दुकानात राहून रंगानं लाल होतं, पण गोडी वाढत नाही. स्ट्रॉबेरी रोपावरून सुटली की तिचं पिकणं थांबतं. आपण शहरात नेहमी ती पाऊण लालच खाल्लेली असते. पूर्ण लाल, टोपीपर्यंत लाल, सकाळच्या थंडीतली स्ट्रॉबेरी ही वेगळीच गोष्ट आहे. आंबटपणा असतोच, पण तो मागून येतो. आधी वास येतो. माझ्या मुलाला स्ट्रॉबेरी आवडत नाही असं मी इतकी वर्षं समजत होते. तो वाफ्यात उकिडवा बसून एकामागून एक खात होता.

खाण्याआधी मी फवारणीचं विचारलं. दादांना राग येईल की काय अशी धाकधूक होती, पण उलट त्यांना बरं वाटलं. कुठल्या वाफ्यांवर कधी काय मारलं ते त्यांनी वहीत लिहून ठेवलेलं होतं. डाव्या हाताच्या सहा-सात ओळींना हात लावायचा नाही, उजवीकडच्या मोकळ्या, असं त्यांनी आधीच ठरवलं होतं. तरी धुऊन खा म्हणाले आणि बांधावर पाण्याची बादली ठेवली. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी हा प्रश्न न लाजता विचारावा. चांगला शेतकरी त्याचं सरळ उत्तर देतो.

एका ओळीत मुलीला वेडीवाकडी फळं सापडली. एका बाजूला फुगलेली, दुसऱ्या बाजूला आवळलेली. तिला ती किडकी वाटली. दादांनी एक फळ उचलून त्याच्यावरचे बारीक पिवळसर दाणे दाखवले. आपण ज्यांना बिया म्हणतो त्या दाण्यांनाच वनस्पतिशास्त्र खरी फळं मानतं. लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला तळ. फुलात जेवढे स्त्रीकेसर, तेवढे दाणे. मधमाशी फुलावर नीट फिरली तर सगळे दाणे भरतात आणि त्यांच्याभोवतीचा गर सारखा फुगतो. थंडी-धुक्यात माशा कमी फिरल्या की काही दाणे रिकामे राहतात आणि तेवढ्या जागी फळ आखडतं. बाजारात त्याला भाव नाही, ते जॅमला जातं. चवीत काही कमी नसतं, हे आम्ही तिथंच खाऊन पाहिलं. मुलीनं मग मुद्दाम तसलीच फळं वेचून आपला एक वेगळा पनेट भरला.

सासूबाई बांधावर बसतील असं वाटलं होतं. त्या चप्पल काढून सरळ वाफ्यात उतरल्या आणि तोडणीच्या मावशींच्या बरोबरीनं ओळ धरली. त्यांच्या गप्पा मजुरीवरून सुरू झाल्या आणि गुडघेदुखीवर पोचल्या. या मावशी पहाटेपासून ऊन चढेपर्यंत वाकलेल्या असतात. मुलांनी अर्ध्या तासानं कंबर धरली तेव्हा मुलगा आपणहून म्हणाला, "आई, या रोज करतात हे?" मी त्याला मावशींनाच विचारायला सांगितलं. त्यांनी हसून त्याच्या हातात एक भलं मोठं फळ ठेवलं, आणि नोव्हेंबरपासून आम्ही हेच करतोय असं सांगितलं.

आठ-साडेआठला तोडणी थांबली. आमची फळं वजनकाट्यावर गेली. भाव घाटातल्या टपऱ्यांपेक्षा थोडा जास्त होता आणि मी तो एक शब्द न काढता दिला. आपण तोडतो म्हणजे शेतकऱ्याची मजुरी वाचते असं काहींना वाटतं. खरं तर त्याचा एक माणूस सगळा वेळ आपल्यामागे असतो, आपण निम्मं खातो आणि थोडं सांडतो.

इथल्या स्ट्रॉबेरीला 2010 साली भौगोलिक मानांकन, म्हणजे हे पीक याच भागाचं अशी अधिकृत ओळख, मिळालं. पण शेतात उभं राहिल्यावर दिसतं ते एवढंच की लाल माती, उंची, थंड रात्री आणि कोरडी ऊन्हं हे सगळं याच डोंगरावर एकत्र आलं आहे, आणि इंग्रजांच्या काळात आलेलं हे परदेशी पीक इथल्या माणसांनी आपलं करून घेतलं आहे.

वेड्यावाकड्या फळांमुळे मधमाश्यांचा विषय निघालाच होता, म्हणून जेवून मांघरला गेलो. महाबळेश्वरजवळचं हे छोटं गाव 2022 मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, देशातलं पहिलं. घरोघरी सातेरी माशांच्या लाकडी पेट्या. फेब्रुवारीत मध काढायचा हंगाम नव्हता, पण एका काकांनी पेटी उघडून चौकटीवर बसलेल्या माशा दाखवल्या. या माशा इकडच्याच, शांत, पेटीत राहणाऱ्या. चौकट यंत्रात फिरवली की मध गळतो आणि पोळं शाबूत राहतं. पोळं पिळून मध काढायची जुनी पद्धत इथं मागे पडली आहे. जांभळाचा मध घेतला, किंचित कडवट आणि गडद.

चारला निघालो. पसरणी उतरून सुरूरला महामार्ग पकडला, खंबाटकी मागे टाकला आणि कापूरहोळला उजवीकडे वळून नारायणपूरच्या वाटेला लागलो. काही तासांत डोंगर हिरव्याचे पिवळे झाले. पुरंदर आणि वज्रगड समोर आले तेव्हा दिवे लागले होते. मुक्काम सासवडच्या अलीकडे, अंजिराच्या बागेतच होता.

रविवार: पुरंदरची अंजिरं, मग हुरडा

कालच्या दवाचा इथं मागमूस नव्हता. पुरंदर हा कमी पावसाचा मुलूख. माती हलकी, मुरमाड, पाणी धरून न ठेवणारी, आणि अंजिराला तेच हवं असतं. पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये मानांकन मिळालं. बागेचे मालक, त्यांना सगळे नाना म्हणत, उजाडायच्या आधी कंदील घेऊन उठवायला आले.

इथला धडा कालच्या उलट निघाला. स्ट्रॉबेरीला हात जपून लावायचा तो फळासाठी. अंजिराला जपून लावायचा तो आपल्यासाठी. देठ तुटला की पांढरा चीक येतो आणि तो कातडीला लागला की खाज सुटते, ओठाला लागला तर जास्तच. पानंही खरखरीत, सँडपेपर घासल्यासारखी. नानांनी मुलांना पूर्ण बाह्यांचे सदरे घालायला लावले आणि हाताला खोबरेल तेल चोळलं. मग फळ ओळखायला शिकवलं. कच्चं अंजीर फांदीवर ताठ उभं असतं. पिकायला लागलं की मान टाकतं, लोंबतं, हिरव्यावर जांभळट झाक येते, हाताला मऊ लागतं. अजून एक दिवस ठेवलं तर तळाशी उकलतं आणि मग ते बाजारात न्यायचं राहत नाही, तिथंच खायचं. आम्हांला नानांनी उकललेलीच आधी दिली. आतला गर लालसर, ओला, आणि मधासारखा नव्हे, अंजिरासारखाच गोड. सुक्या अंजिरावर वाढलेल्या माझ्या मुलांना हे तेच फळ आहे हे पटायला वेळ लागला.

नानांनी एक अंजीर मधोमध फाडून मुलाला विचारलं, याचं फूल कुठंय? त्यानं झाडावर शोधलं. फुलं फळाच्या आतच असतात, बाहेरून कधी दिसत नाहीत. जगातल्या काही अंजिरांना परागीभवनासाठी एक बारीक गांधीलमाशी आत शिरावी लागते. इकडच्या जातीला ती लागत नाही, फळ तसंच धरतं. कालच मधमाशीचं एवढं ऐकून आलेल्या मुलीला हे फार अन्याय्य वाटलं. "मग माशीला काय मिळतं?" असं तिनं विचारलं आणि नाना बराच वेळ हसत राहिले.

झाडाला दोन बहार, खट्टा आणि मीठा. छाटणी कधी करायची आणि पाण्याचा ताण कधी द्यायचा यावर कुठला बहार धरायचा ते ठरतं. खट्ट्या बहाराची फळं आंबूस, मीठ्याची उन्हाच्या तोंडावर येणारी आणि गोड. आमच्या वेळी मीठ्याची नुकती सुरुवात होती, त्यामुळे प्रत्येक झाडावर मोजकीच फळं तयार. क्रेटच्या तळाशी अंजिराची पानं पसरायची, त्यावर फळांचा एकच थर, देठ वर. दोन थर ठेवले तर खालचे पुण्याला पोचेपर्यंत फुटतात. अंजीर दोन दिवससुद्धा धड टिकत नाही. त्यामुळे नानांचं सगळं गणित त्या दिवशीच्या मार्केट यार्डच्या भावावर अवलंबून असतं. पडला भाव म्हणून माल घरी ठेवता येत नाही. बागेत येऊन तोडून नेणारं गिऱ्हाईक त्यांना म्हणूनच हवं असतं. त्यांच्या शब्दांत, "तुम्ही नेलेल्या अंजिराला आडत न्हाई आन् गाडीभाडं न्हाई."

नानांची मोठी काळजी वेगळीच होती. पुरंदरमधल्या प्रस्तावित विमानतळासाठी सात गावांची जमीन घ्यायची चालली आहे. नानांची बाग त्यात येत नाही, पण त्यांच्या बहिणीची येते. मोबदल्याचे आकडे ते बोलले नाहीत. लावलेलं झाड हातानं तोडायला लागणं कसं असतं, एवढंच बोलले. विमानतळ व्हावा की होऊ नये यावर मोठी माणसं वाद घालतील. त्या बागांतली अंजिरं दुसरीकडे नेऊन लावता येत नाहीत, हे मला त्या सकाळी नीट कळलं.

दुपारी नानांच्या चुलत भावाच्या वावरात हुरडा. इथून पुढचा दिवस सासूबाईंचा.

ज्वारी त्यांनी लांबूनच ओळखली: "ही भाकरीची मालदांडी नव्हे, हुरड्याची गूळभेंडी." आणि ती गूळभेंडीच होती. मुलांना त्या ज्वारीच्या ताटांत घेऊन गेल्या आणि कणसातला दाणा चिमटीत धरून दाखवू लागल्या. पांढरं दूध आलं तर अजून कोवळा. कडक लागला तर गेला, त्याची आता ज्वारीच होणार. दाबल्यावर मऊ पिठूळ लागला पाहिजे आणि रंग हिरवाच हवा. हे पाच-सहा दिवसांचंच काम असतं. मुलाच्या हाती विळा दिला, कणसाखाली वीतभर धांडा ठेवून कापायला शिकवलं. पाखरं उठली तेव्हा त्या थांबल्या. लहानपणी शाळा बुडवून शेतातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, बसून गोफणीनं पाखरं हाकायचं काम त्यांच्याकडे असायचं, हे आम्ही कुणीच कधी ऐकलं नव्हतं. "हात दुखायचा. पण माळ्यावर आम्ही तिघी बहिणी असायचो," एवढं बोलून त्या पुढच्या कणसाकडे वळल्या.

जमिनीत खड्डा घेऊन गोवऱ्यांची आगटी पेटवलेली होती. ज्वाळ बसून निखारे झाले की कणसं राखेत खुपसायची, फिरवत राहायची. हिरवा वास बदलून भाजका यायला लागला की काढायची आणि गरम असतानाच तळव्यांत चोळायची. पोरांनी हात भाजले म्हणून आरडाओरडा केला. सासूबाई मात्र शांतपणे चोळत होत्या, फुंकर मारून फोलपट उडवत होत्या आणि हिरवेगार दाणे एकेकाच्या ताटलीत टाकत होत्या. सोबत लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. हुरड्यावर पाणी नाही, ताक प्यायचं, असा त्यांचा हुकूम.

यजमान वहिनी म्हणाल्या, "आजी, तुम्ही बसा, आम्ही चोळतो की." त्या उठल्या नाहीत.

पाचला निघून दिवे घाटानं पुण्यात उतरलो. अंजिरं त्याच रात्री संपवली, ठेवण्यात अर्थ नव्हता. स्ट्रॉबेरी न धुता, एका थरात, फ्रिजमध्ये; खायच्या वेळीच धुवायची. मुलीच्या वेड्यावाकड्या पनेटचा सोमवारी मुरंबा झाला. उरलेला कोवळा हुरडा सासूबाईंनी कांदा-मिरचीवर परतून डब्यात दिला.

कुणाला जायचं असेल तर: स्ट्रॉबेरीला मार्चअखेरपर्यंत वेळ आहे, पण मुलांसाठी थंडी असताना जाणं चांगलं. अंजीर मार्च-एप्रिलात भरपूर. हुरडा डिसेंबर-जानेवारीत गाठा. आदल्या दिवशी शेतकऱ्याला फोन करा, फवारणीचं विचारा, तो सांगेल त्या वेळेला पोचा, आणि अंजिराच्या बागेत जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.